सपाटीवरचे शूर

पुण्यात भांडायला विषय लागतो असा एक गैरसमज पुण्याबाहेर पसरलेला आहे. भांडण आधी सुरू करता येतं, विषय मागाहून मिळतो. तरीपण या खेपेला मी रीतसर विषय हातात घेऊन उतरलो आहे, आणि तो विषय आहे जिन्याचा कठडा. त्यातही सबंध कठडा नव्हे. गच्चीचा, बाल्कनीचा, गॅलरीचा कठडा यांच्याशी माझं काही वाकडं नाही. ते सुखी आहेत. त्यांच्यावर कुंड्या ठेवतात, टॉवेल वाळत घालतात, त्यांना टेकून शेजाऱ्यांच्या घरातलं बोलणं ऐकतात. माझं भांडण आहे ते जिन्याच्या उतारावरच्या तिरक्या कठड्याच्या वतीने, आणि त्याला पोरका करणाऱ्या एका जमातीशी. या जमातीला मी 'सपाटीवरचे शूर' असं नाव दिलेलं आहे.

ही जमात कुठे राहते? सगळीकडे राहते. आर्किटेक्टच्या कचेरीत राहते, बिल्डरच्या गाडीत राहते, आणि मोठ्या दुःखाने सांगतो, आमच्या सोसायटीच्या कमिटीतही राहते. जोवर मामला सपाट आहे तोवर यांचा उत्साह बघत राहावा. नक्षी निवडतील, रंग निवडतील, "ब्रासचा टच देऊ" म्हणतील. उतार आला, की यांच्या तोंडून एकच मंत्र बाहेर पडतो. "ते साइटवर अ‍ॅडजस्ट करू."

आता प्रकरण काय ते सांगतो. आमची इमारत नारायण पेठेतली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, मुठेचं पाणी पेठेत शिरलं आणि त्यात इथला मूळचा वाडा बसला. त्याच जागी काही वर्षांनी ही तीन मजली इमारत उभी राहिली. तिला लिफ्ट नाही. तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चोपन्न पायऱ्या आहेत. आता इमारतीचंही वय झालं, तेव्हा पेठेतल्या रिवाजाप्रमाणे आम्हीही पुनर्विकासाला लागलो. पुनर्विकास म्हणजे काय, तर आधी दहा वर्षं बिल्डर नको म्हणून भांडायचं, आणि नंतर दहा वर्षं बिल्डर येत नाही म्हणून भांडायचं. आमची पहिली दहा वर्षं नुकतीच संपली.

मी या सोसायटीचा खजिनदार. बँकेत क्लार्क आहे आणि बी.कॉम. आहे, या दोन गुणांवर हे पद माझ्या गळ्यात पडलं. कॉमर्सवाल्याने कठड्यात नाक खुपसू नये असं आमचे सेक्रेटरी म्हणतात. मी म्हणतो, उतार हा आमचाच विषय आहे. घसारा कोणाचा? आमचा. तो सरळ रेषा पद्धतीने काढायचा की ऱ्हासमान शेष पद्धतीने, यावर आम्ही परीक्षेत पानंच्या पानं लिहिली आहेत. ज्याने तीन वर्षं घसारा काढला, त्याला घसरण्याविषयी बोलायचा हक्क नसेल तर कोणाला आहे?

तर आर्किटेक्टकडचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. गुणी मुलगा. पार्किंगच्या भिंतीवर त्याने आमची होणारी इमारत उभी करून दाखवली. रेव्हिट नावाच्या प्रणालीत ती बांधलेली होती. ही प्रणाली २००० साली बाजारात आली, २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती विकत घेतली, आणि आता आर्किटेक्ट लोक कागदावर रेघा मारण्याऐवजी तिच्यात आख्खी इमारत खोटी-खोटी बांधतात. भिंत काढली की ती भिंतच असते, नुसत्या दोन रेघा नसतात. जिना काढला की पायऱ्या आपोआप मोजून पडतात. बघून आनंद झाला. कमिटीने निवडलेलं कठड्याचं पॅनेलही छान होतं. गजांच्या मधोमध एक वर्तुळ, त्यात कमळ. जुन्या वाड्याची आठवण म्हणून.

मजल्यावरच्या व्हरांड्यात कमळं फुललेली होती. मग त्याने आम्हाला जिन्यात नेलं. तिथे कमळं गायब. पोटऱ्या उघड्या टाकून माणूस उभा असावा तसे दोन नुसते पाइप तिरके गेलेले, आणि जिना वळतो तिथे तेही तुटलेले.

"इथली कमळं कुठे गेली रे?" मी विचारलं.

"काका, ते पॅनेल तिरक्याला बसत नाही. टाकून बघितलं मी. प्रत्येक पायरीवर एकेक सरळ उभं राहतं, करवतीच्या दात्यांसारखं. सॉफ्टवेअर घेत नाही."

"मग?"

"साइटवर अ‍ॅडजस्ट करू ना."

वाचकहो, "सॉफ्टवेअर घेत नाही" या वाक्याशी माझा घरोबा आहे. बँकेच्या काउंटरवर आमचं अर्धं आयुष्य या वाक्याच्या सहवासात जातं. १९८४ साली रंगराजन समितीने बँकांत संगणक आणण्याविषयीचा अहवाल दिला. संगणक आल्याने आकडेमोड वेगात झाली हे खरंच. पण खरी क्रांती झाली ती सबबींच्या क्षेत्रात. पूर्वी क्लार्कला नाही म्हणायचं असलं तर "साहेब जेवायला गेलेत" म्हणावं लागे, आणि साहेबांचं जेवण कधीतरी संपे. सिस्टिमचं जेवण संपत नाही. तेव्हा या वाक्याची नस मला ठाऊक आहे. दहातल्या आठ वेळा त्याचा अर्थ "सॉफ्टवेअरला कसं सांगायचं ते मला शोधायचं नाही" असा असतो.

म्हणून मी शोधलं. बँकेच्या माणसाला सर्क्युलरं वाचायची सवय असते. एकदा आमच्याकडची सर्क्युलरं पचली, की जगातलं कुठलंही माहितीपत्रक माणूस कादंबरीसारखं वाचू शकतो. आणि निघालं काय? सॉफ्टवेअर घेतं! उत्तम घेतं!

रेव्हिटमध्ये कठड्याचे सुटे भाग बनवून ठेवतात, त्यांना 'फॅमिली' म्हणतात. कठड्याच्या गजाची, खांबाची आणि पॅनेलची फॅमिली बनवायला वेगवेगळे साचे आहेत. यातल्या पॅनेलच्या साच्यात उताराचा कोन ही एक किंमत आधीच घालून ठेवलेली असते. तुम्ही तो साचा घ्यायचा, पॅनेलची वरची आणि खालची पट्टी त्या साच्यातल्या तिरक्या पातळीला बांधायची, उभे गज उभेच ठेवायचे, आणि कोन बदलून पॅनेल नीट वाकतं का ते तपासायचं. मग ते जिन्यावर टाकलं, की जिन्याचा उतार जो असेल तो कोन कठडा स्वतः भरतो. व्हरांड्यात गेलं की कोन शून्य, जिन्यात आलं की पूर्ण. पण तेच पॅनेल भलत्याच साच्यात केलं, खुर्ची-टेबलासारखं, तर त्याला उतार म्हणजे काय हे कळतच नाही. त्याला आपण खुर्ची आहोत असं वाटत असतं. मग ते पायरीपायरीवर ताठ उभं राहतं, आणि त्याचा दोष सॉफ्टवेअरला!

हे काम पाच मिनिटांचं आहे असं मी म्हणत नाही. एक दुपार जाते. पण एका इमारतीत माणसं पन्नास-साठ वर्षं राहणार असली, तर एक दुपार हा काही फार मोठा हप्ता नव्हे.

आता गंमत बघा. सॉफ्टवेअरला जे सांगावं लागतं, तेच आमच्या पेठेतला फॅब्रिकेशनवाला मिस्त्री न शिकता करत असतो. तो आधी पायऱ्यांच्या नाकांवरून दोरी ताणतो. तो उतार. मग ओळंबा सोडून गज उभा धरतो. गज जिन्याबरोबर तिरका होत नाही, तो जमिनीला काटकोनातच राहतो. मग गजाला दोरी जिथे आडवी जाते तिथे खडूने तिरकी खूण करतो. तो काप. काय तिरकं, काय उभं आणि कुठे काप, या तीन गोष्टी. साच्यात भरायच्या त्याही याच. मिस्त्रीचं आणि सॉफ्टवेअरचं एकमत आहे. मतभेद आहे तो फक्त मधल्या माणसाचा.

"पण एवढा काथ्याकूट कशाला? सपाटीवरचंच पॅनेल उचलून तिरकं ठोकलं तर?" हा प्रश्न आमच्या सेक्रेटरींनी विचारला. त्यांना मी कागदावर उत्तर दिलं, कारण तोंडी दिलेल्या उत्तराची ते नोंद घेत नाहीत.

घरगुती इमारतीत पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. हा कडेलोटाचा जिना घेतला तर उतार होतो ३७ अंशांहून किंचित जास्त. कठड्याची उंची हवी १००० मिलिमीटर, पायरीपासून सरळ वर मोजून. आता १००० उंचीचं पॅनेल उचलून तसंच कललेलं ठेवा. सरळ वर मोजली तर उंची होते सुमारे १२५६. म्हणजे हात खांद्याच्या दिशेने निघाला. बँकेत स्लिपा लिहिणाऱ्या माणसाचा खांदा आधीच गेलेला असतो, त्यात ही भर. शिवाय गज कललेले. दारू प्यायलेली वरात जिन्यावरून उतरते आहे असा देखावा.

बरं, तसं नको, चौकटीचे दोन कोपरे धरून पॅनेलच तिरकं दाबलं तर? तर गज उभे राहतात, पण कमळाचं वर्तुळ चेंगरतं. २०० मिलिमीटरच्या वर्तुळाची लांबी होते २९० आणि रुंदी उरते १३८. चंद्र काढायला गेलो आणि काकडी निघाली. यावर उपाय सोपा आहे. चौकट तिरकी करायची आणि वर्तुळाला सांगायचं की बाबा, तू गोलच राहा, तुला मधल्या गजांना धरून बसवतो. पण हे कुणीतरी ठरवावं लागतं. सॉफ्टवेअर ठरवत नाही, मिस्त्रीही ठरवत नाही. ज्याने फी घेतली त्याने ठरवायचं असतं.

इथपर्यंत आमच्या कमिटीला माझं म्हणणं सौंदर्यशास्त्राचं वाटलं. "दिसण्यावर काय असतं?" असं खुद्द त्या गृहस्थांनी म्हटलं, ज्यांनी ब्रासच्या टचवर चाळीस मिनिटं घेतली होती. म्हणून आता दिसण्याचं सोडून देतो.

पॅनेल म्हटलं की त्याला खालची पट्टी आली. खालची पट्टी, पायरीची रुंदी आणि पायरीची उंची मिळून प्रत्येक पायरीशी एक त्रिकोणी भोक तयार होतं. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत यासाठी चेंडूची परीक्षा आहे. कठड्याच्या इतर फटींतून साधारण चार इंची चेंडू जाता कामा नये, आणि या त्रिकोणातून सहा इंची, म्हणजे १५२ मिलिमीटरचा. चेंडू हा नुसता शब्द आहे. तो कोणाच्या डोक्याच्या मापाचा आहे हे घरात रांगतं मूल असलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आता हिशेब करा. खालची पट्टी पायऱ्यांच्या नाकांना चिकटून गेली, तर त्या त्रिकोणात मावणारा चेंडू १२६ मिलिमीटरचा. पास. तीच पट्टी "झाडू फिरायला बरं पडतं" म्हणून फक्त ५० मिलिमीटर वर घेतली, की चेंडू होतो १५९ चा. नापास. पन्नास मिलिमीटर म्हणजे दोन इंच. दोन इंच ही साइटवर अ‍ॅडजस्ट करण्याची चीज आहे का, हे आपणच सांगा.

आणि आता मुख्य मुद्दा. वळण.

आमच्या आत्ताच्या जिन्याला लोखंडी गज आणि वर सागवानी हातकठडा आहे. साठेक वर्षांच्या तळव्यांनी त्याला जे पॉलिश चढलं आहे ते दुकानात मिळत नाही. पण त्याचा खरा मोठेपणा वळणावर आहे. जिना वळतो तिथे तो लाकडी दांडा कुठेही तुटत नाही. वळता वळताच चढतो. ज्या सुताराने तो केला त्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. हे वळतं-चढतं लाकूड साधणं इतकं अवघड, की इंग्लंडात पीटर निकोल्सनसारख्या माणसाने अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सुतारांसाठी त्याची भूमिती मांडायला आयुष्य घालवलं. आमच्या सुताराने ती पुस्तकं वाचली असतील असं मला वाटत नाही. त्याने दांडा वाचला.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. वय एक्याऐंशी. रोज सकाळी मोदी गणपतीला जातात, आणि चोपन्न पायऱ्या या दांड्यावर हात ठेवून उतरतात. हात उचलत नाहीत, सरकवत नेतात. मोतीबिंदूच्या एका डोळ्याला पायरीची कड दिसत नाही, तेव्हा जिना संपला की चालू आहे हे त्यांना हातालाच कळतं. एकदा म्हणाल्या, "थोरला बंगळुरूला, धाकटा न्यू जर्सीला. माझा हात धरायला हा एवढाच इथे राहिलाय." यावर आपण काय बोलणार? मी पिशवी घेतली आणि पुढे झालो.

आता नव्या जिन्याचं भिंतीवरचं चित्र आठवा. वळणावर पाइप तुटलेला. तो का तुटला? मुलाचा आळस नव्हे, त्यामागे भूमिती आहे. खालून येणारा जिना जिथे संपतो त्याच रेषेवर वर जाणारा जिना सुरू केला, की दोन कठड्यांच्या उंचीत बरोबर एका पायरीचा फरक पडतो. १९० मिलिमीटर. खालचा कठडा इथे, वरचा वीतभर वर. त्यांना जोडायचं तर पाइपाला बगळ्याच्या मानेसारखं वळण द्यावं लागतं, नाहीतर दोन्ही पाइप आपापल्या जागी कापून टोपणं बसवायची. साइटवर टोपणं बसवतात. टोपण रुपयांत येतं.

आणि हा फरक मुळातच पडू द्यायचा नसेल, तर उपाय एकच. वर जाणारा जिना एक पायरी मागे सरकवून सुरू करायचा. बस. दोन्ही उतार त्या रेषेवर एका उंचीला भेटतात आणि कठडा न तुटता वळतो. खर्च किती? २५० मिलिमीटर जागा. पण ही पायरी काँक्रीट पडायच्या आधी मागे घ्यावी लागते. नंतर ती ब्रह्मदेवालाही हलत नाही, मग साइटवरचा सुपरवायझर कुठला हलवतो!

म्हणून मी म्हणतो, तिरका कठडा आधी काढा. लॅपटॉपवर तो नीट काढायला बसलात की वळणावरचा १९० मिलिमीटरचा धक्का पहिल्याच दुपारी डोळ्यासमोर येतो. तेव्हा ती पायरी मागे सरकवायला माउसचे चार टिचके लागतात. रेव्हिट हे नावच मुळी 'रिव्हाइज इन्स्टंटली', म्हणजे लगेच दुरुस्त करा, यावरून आलेलं आहे. लगेच! साइटवर नव्हे! जी इमारत फुकटात दुरुस्त करता यावी म्हणून आधी खोटी-खोटी बांधायची, तिच्यातला नेमका अवघड तुकडा खऱ्या इमारतीवर ढकलायचा, ही म्हणजे सराव परीक्षेत सोपी गणितं सोडवून अवघड गणितं बोर्डासाठी राखून ठेवण्याची तऱ्हा झाली.

यावर दोन बाजूंनी हल्ला होतो. पहिला हल्ला आधुनिकांचा. "अहो, नव्या इमारतीला लिफ्ट आहे. जिना वापरणार कोण?" उत्तर लिफ्टच्या दारावरच लिहिलेलं असतं. आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये. म्हणजे ज्या दिवशी सगळी इमारत, आजींसकट, धुरात, अंधारात आणि घाईत एकदम जिन्यावर येणार, त्या दिवसासाठी हा जिना आहे. त्या दिवशी वळणावर हात सुटून कसं चालेल? केंद्र सरकारने २०१६ मध्ये अपंग आणि वृद्धांसाठी अडथळामुक्त बांधकामाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. हातकठडा गोल, ३८ ते ४५ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे मुठीत मावणारा असावा, सलग असावा, आणि जिना सुरू होण्याच्या व संपण्याच्या ठिकाणी निदान ३०० मिलिमीटर पुढे गेलेला असावा, असं त्यात आहे. लिहिणाऱ्याच्या घरी नक्की एखादी आजी असणार.

दुसरा हल्ला पुराणवाद्यांचा. हे लोक पेठेत जास्त. "कॉम्प्युटर आले आणि कारागिरी मेली. आमच्या वाड्यात बघा कसे जिने होते!" वाड्यातले जिने मी बघितले आहेत. अंधारे, शिडीसारखे उभे, भिंतींच्या बेचक्यात कोंबलेले, आणि धरायला वरून सोडलेला एक दोर. त्या दोराला धरून आमच्या आज्या-पणज्या कडेवर पोर आणि हातात तांब्या घेऊन उतरत. त्या पडल्या नाहीत हे त्यांचं कर्तृत्व, जिन्याचं नव्हे. आणि ज्या पडल्या त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत. विश्रामबागवाड्याच्या लाकडी दर्शनी भागाचे फोटो हजारो निघाले असतील. फोटो दर्शनी भागाचेच निघतात. सपाटीवरचे शूर पेशवाईपासून आहेत, हा लॅपटॉपचा शोध नाही.

तसं पाहिलं तर उतरण्याची किंमत आपल्याकडे कोणी केलीच नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढलो म्हणून लोक सांगतात. चढताना किती वेळा थांबलो, कुठे थांबलो, सगळं सांगतात. उतरलो म्हणून सांगितलेलं मी ऐकलं नाही. जणू वर गेलेली माणसं तिथेच राहतात. पण गुडघे उतरताना बोलतात, आणि तोल उतरतानाच जातो.

तेव्हा त्या मुलाला मी ओरडलो नाही. त्याला पगार किती मिळतो हे खजिनदाराच्या नजरेला लगेच कळतं. त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं की उतार हा कामाचा भाग आहे. वरिष्ठ म्हणाले असतील, "क्लायंटला व्हरांडा दाखव, जिना पटकन फिरव." मी त्याला साच्याचं सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही रेव्हिट करता?" मी म्हटलं, "नाही रे, मी फक्त सर्क्युलर वाचतो." त्याने तिथेच साचा उघडून कोन घातला. पहिल्यांदा कमळ काकडीसारखं झालं, दुसऱ्यांदा गोल राहिलं. त्याचा चेहरा त्या कमळापेक्षा फुलला. मग वळणावरचा धक्का मी त्याला दाखवला, तेव्हा मात्र म्हणाला, "हे सरांना विचारावं लागेल. पायरी सरकली तर बिल्डर ओरडेल."

ओरडू दे. ओरडणं भिंतीवरच्या चित्रापाशी झालेलं बरं.

माझ्या पेठकर बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या इमारती आज ना उद्या या मांडवाखालून जाणार आहेत. नकाशे दाखवायला कोणी आलं की आपण काय बघतो? कार्पेट एरिया बघतो, पार्किंग बघतो, स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या दिशेला ते बघतो. बघा, जरूर बघा. पण त्याला म्हणावं, जिन्यात ने. पटकन फिरवू नको. कठडा उतारावर दाखव, वळणावर दाखव, शेवटच्या पायरीपाशी दाखव. कुठे हात उचलावा लागतो ते दाखव. तो "साइटवर" असा शब्द उच्चारू लागला की चहा मागे घ्या.

येत्या सर्वसाधारण सभेसाठी मी ठराव लिहून ठेवला आहे. "असे ठरविण्यात येते की, जिन्याच्या तिरक्या कठड्याचे वळणासह संपूर्ण चित्र सभासदांनी पाहून मान्य केल्याखेरीज नकाशांवर संस्थेतर्फे कोणीही सही करू नये." सेक्रेटरींचं म्हणणं, असला ठराव महाराष्ट्रात कुठल्याच सोसायटीने केला नसेल. मग तर आपण करायलाच हवा, कारण ही नारायण पेठ आहे. सूचक मी आहे. अनुमोदन द्यायला आजी खाली उतरणार आहेत. सभा पार्किंगमध्ये साडेसहाला असली तरी त्या सहालाच निघतील, सावकाश, दांडा धरून.